डावा तळपाय

आकारामबरोबर मी त्या वर्गाला गेलो ते त्याच्या बायकोच्या, बनुबाईंच्या सांगण्यावरून. नाहीतर आडवं पडून, डोळे मिटून स्वतःच्या शरीराचं ऐकायचं, असल्या ठिकाणी मी आपणहून गेलो नसतो. नोकरी सगळी ग्रंथालयात गेली. शरीर म्हणजे पुस्तक धरायला हात आणि चष्म्याला नाक, यापलीकडे मी त्याची कधी चौकशी केली नव्हती.

आकाराम माझा सांगलीच्या बोर्डिंगातला सोबती. तो वाळव्याकडच्या उसाच्या रानातला, मी कवठे महांकाळच्या मेंढरांमागचा. तो फौजेतून सुभेदार होऊन आला आणि साताऱ्यात माझ्याच गल्लीत घर बांधलं. त्याला साखर आहे. त्याच्या थोरल्या भावाचा पाय साखरेनंच गेला, आणि तेव्हापासून आकारामनं पायांचा विषयच बंद केला.

"आवं भावजी," बनुबाई दारात उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "डाक्टर म्हनलाय, रोज तळपाय बगा. ह्ये झोपताना बी मोजं काढत न्हाईत. मी हात लावला की वराडत्यात. तितं वर्गात तरी पाय उघडा करतील. तुमी बगा, आन् मला खरं काय त्ये सांगा."

मी हो म्हणालो. आकारामला एखादी गोष्ट करायला लावणं मला कधी जमलं नव्हतं, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

वर्ग ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये होता. शिकवणारी सोनिया माझ्या नातीच्या वयाची. "काय होईल ते आधीच सांगते," ती म्हणाली. "मी एकेका अवयवाचं नाव घेईन, तुम्ही लक्ष तिथं न्यायचं. कुणाला मुंग्या येतील, कुणाला ऊब वाटेल. कुणाला रडूही येतं. आजोबा लोक घोरतात, तेही चालतं. आणि काहीच जाणवलं नाही तर तसं सांगायचं. इथं नापास कुणी होत नाही."

मला जरा धीर आला.

तिनं सतरंज्या अशा घातल्या होत्या की सगळ्यांचे पाय तिच्याकडे यावेत. म्हणजे पाय बघून तिला कळायचं, कोण सैल पडलंय आणि कोण ताठ आहे. पण आकाराम उभाच राहिला. "पोरी, गुरूकडं पाय करून झोपायचं व्हय? आमच्याकडनं न्हाई हुणार."

"खरं हाय," म्हणत दुसरा माजी सैनिक नाथाजी वळला आणि मग सगळेच वळले. सोनियानं बरीच समजूत घातली, शेवटी हसून नाद सोडला. आमची डोकी तिच्याकडे आणि पाय मागच्या भिंतीकडे झाले. कुणाला दिसू नये म्हणून मी शेवटच्या ओळीत होतो. माझ्या पुढच्या सतरंजीवर आकाराम. त्यामुळे त्याचे पाय माझ्या डोक्यापाशी आले, तपकिरी मोज्यांसकट. मोजे त्यानं काढले नव्हतेच.

सोनिया कपाळापासून सुरू करून सावकाश खाली उतरत गेली. मला काहीच जाणवत नव्हतं. माझंच काहीतरी चुकत असणार, असं वाटत राहिलं. मग ती म्हणाली, "आता डावा तळपाय. काय म्हणतोय तो?"

आणि मला आई आठवली. दिवस मावळला की मेंढरं जाळीत कोंडून व्हायची. मग आई आम्हा पोरांचे पाय एकेक करून मांडीवर घ्यायची आणि ओल्या अंगठ्यानं तळवा दाबत जायची. कुठं दुखतं, असं ती कधी विचारायची नाही. पाय झटकला की हसायची, "घावला!" काटा तिथंच असायचा. पुढं बोर्डिंगात तळवे बघणारं कुणी नव्हतं. मी लंगडताना पाहून एकदा आकारामच म्हणाला होता, "दाव इकडं." कृष्णेच्या घाटावर बसून त्यानं माझा पाय मांडीवर घेतला. आपल्यापेक्षा मोठ्या घरच्या पोरानं आपला पाय धरावा, या लाजेनं मला नीट बसताही येईना. त्या हाताची ऊब आज, इतक्या वर्षांनी, माझ्या तळव्याला जशीच्या तशी जाणवली.

डोळे भरून आले म्हणून मी ते उघडले. मान मागं वळवली, तर डोक्याशीच आकारामची डावी टाच होती. मोज्यातून बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक बाहेर आलं होतं. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर तो मोज्यांवर चपला घालून फिरतो, तिथंच चप्पल भेदून आत गेला असणार. मोज्यावर काळपट डाग होता.

मी हात लांब करून टाचेला बोट लावलं. पाय हलला नाही. मग काट्याशेजारी दाबलं. तरीही नाही. शेवटी मी तळपाय पंज्यात घट्ट धरला. आकाराम शांत श्वास घेत होता.

सोनिया एकेकाला विचारत होती. "आकाराम आजोबा, डावा पाय?"

"एकदम ठीक, मॅडम."

चारचौघांत त्याला खोटं पाडायचं? नंतर एकट्याला सांगावं, असं मनात आलं. पण नंतर तो चपला घालून निघून जाईल आणि काटाही हसण्यावारी नेईल, हे मला माहीत होतं. म्हणून मी पाय सोडला नाही.

"आकाराम," मी म्हणालो. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मी तुझा पाय धरलाय."

"कंचा?" त्यानं विचारलं.

"बाबा, पाया कसल्या पडताय?" नाथाजी म्हणाला आणि दोघंतिघं हसले. आकाराम कोपरावर उठला. माझा हात त्यानं पाहिला, पायाची बोटं हलवून पाहिली. मग हसू आपोआप थांबलं.

"कवापास्नं धरलायस?"

"मघापासून."

सोनिया जवळ येऊन वाकली. "काटा इथं काढू नका," ती एवढंच म्हणाली.

"बनूला बोलू नगंस, दादासो."

"बोलणार," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की आता शिवी येणार असं वाटलं. पण तो परत आडवा झाला आणि छताकडे बघत म्हणाला, "मोजा उतरव. नीट बग. आजून काय हाय का आत?"

मी काट्याच्या भोवतीनं मोजा सोडवत उतरवला, चष्मा सारखा केला. अंगठ्याखाली आणखी एक जखम होती, जुनी, कडा पांढऱ्या पडलेली.

"हाय का?"

"आहे."

"लय?"

"मला कळत नाही, आकाराम. डॉक्टरला कळेल."

"मग बसलायस काय?" तो म्हणाला. "रिक्षा बोलव. आन् बनूला फोन कर, म्हनावं तितंच ये."