निळी बादली, पिवळं पाणी

सोमवारी मी फिनाईल टाकून फरशी पुसली ती अमृताच्या निळ्या बादलीतून. सुनेची ती बादली टाकीतल्या माशांसाठी खारं पाणी कालवायची. तिला हात लावायचा नाही, असं तिनं मला दहादा बजावलेलं. माझ्या घरात कोणत्या बादलीला हात लावायचा हे मला सून सांगणार? मुद्दाम घेतली. विसळून जागेवर ठेवली.

मंगळवारी तिनं माशांचं थोडं पाणी बदललं. बुधवारी संध्याकाळी काचेच्या टाकीपाशी उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, पाण्यात अमोनिया झालाय. विषच असतं हे माशांना."

मला सोमवारचं फिनाईल आठवलं. तोंडानं मात्र म्हणाले, "समुद्रातले जीव आणायचेच कशाला? इथं माणसांना पाणी आठव्या दिवशी."

दोनच मासे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. तीन वर्षं सांभाळलेत. कंपनीतून आली की पर्स ठेवायच्या आधी त्यांच्याशी बोलते, माझ्याशी मागून.

पाणी तपासायची दोन किट होती घरात. कागदाची पट्टी बुडवून ओट्यापाशी बघितली तर पाणी चांगलं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले, टाकीपाशी धरलं, तर हिरवं, म्हणजे अमोनिया. खरं कोणाचं मानायचं? गुरुवारी सकाळी ती औरंगपुऱ्यातल्या दुकानात निघाली. भरवशाचं किट घ्यायचं, आणि पाणी खराबच निघालं तर मासे दुकानात परत द्यायचे.

"मी पण येते," म्हणाले. रिक्षात टाकीच्या पाण्याची बाटली मांडीवर घट्ट धरून बसले. देवाला एवढंच म्हणत होते, माझ्या हातून नको.

दुकानदार बुद्धभूषणनं तीन डबे मांडले. "पट्ट्या स्वस्त, पण मोघम सांगतात. थेंबांचं नीट सांगतं. हे मशीन थेट आकडा दाखवतं, पण त्यात टाकायच्या पावडरीच्या पुड्या सारख्या मागवाव्या लागतात."

त्यानं आमच्या पाण्यात थेंब टाकले, थोडा वेळ थांबला आणि नळी त्याच्या टाकीच्या निळ्या दिव्यापाशी धरली.

"हिरवंच," अमृता म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

मी त्या दिव्याकडं बघितलं. घरच्या टाकीवरही असलाच. पैठणला वीस वर्षं माग चालवलाय मी. शाळा चौथीपर्यंत, पण रंग मला कोणी शिकवू नये. रेशमाची लड दिव्याखाली कोणी निवडत नाही, दारात उजेडात नेऊन निवडतात. असल्या निळ्या उजेडात हळदी रंग पोपटी दिसणारच.

"आण इकडं ती नळी."

"आज्जी, सांडेल!" बुद्धभूषण म्हणाला.

"नऊवारी पैठणीत एक धागा चुकला नाय माझा. नळी सांडते व्हय!"

बाहेर फुटपाथवर, उन्हात, डब्यातल्या, रंगांचे चौकोन छापलेल्या पांढऱ्या कार्डाला लावून धरली. लख्ख पिवळं. लिंबाच्या सालीसारखं. अमृतानं कार्डावर बोट ठेवलं. "पहिलाच चौकोन. शून्य. काहीच नाही पाण्यात!"

बुद्धभूषण डोकं खाजवत म्हणाला, "मी रोज आतच बघतो की."

"बघा मग. गिऱ्हाइकं रडवा."

मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि तोंडातून निघूनच गेलं, "अमृता, सोमवारी मी तुझ्या निळ्या बादलीतून फरशी पुसली."

"माहितीय. वास येत होता. मी कळशीत कालवलं पाणी."

"मग बोलली का नाहीस?"

"आठ दिवस तुमचं कोण ऐकून घेणार, आत्याबाई?"

आणि हसायलाच लागली. मीही हसले. छातीवरचा दगड उतरला होता, हसू नको तर काय करू.

घरचे थेंब संपत आले होते, म्हणून थेंबांचंच किट घेतलं. मशीन नको म्हणाले, डोळे आहेत मला. आता दर रविवारी सकाळी गॅलरीत नळी मी धरते, रंग मी सांगते, ती लिहून घेते.

फरशीसाठी मी नवी बादली आणली. लाल. तिला अमृतानं हात तर लावून बघावा.