दाखला काढायला गेलेला रंगारी

रंगाऱ्याच्या डोक्यात खाजगी शाळा शिरली, ती तिच्या भिंती रंगवताना. महिनाभर तिथे ब्रश मारून तो घरी यायचा आणि बायकोचं डोकं खायचा. "अगं, वर्गात वीसच मुलं. वाचनालयात बसायला गाद्या. पोहायचा तलावसुद्धा आहे." बायको पहाटेपासून बेकरीत पाव भाजून दमलेली असायची. ती म्हणायची, "मग तुम्हीच घ्या की नाव घालून."

पण त्याला खरी काळजी होती थोरलीची. नऊ वर्षांची ही पोर बोलताना अडायची. शब्द ओठांशी यायचा आणि तिथेच ठिय्या मारून बसायचा. सहा वर्षांच्या धाकटीच्या तोंडाचा पट्टा मात्र झोपेतही चालू. थोरलीचं अर्धं बोलणं धाकटीच उरकून टाकायची, उरलेलं बाप. सरकारी शाळेत एका वर्गात चाळीस मुलं. त्या गलक्यात आपली पोर एक दिवस बोलायचंच सोडून देईल, या भीतीने त्याला घास गोड लागत नव्हता.

शेवटी बायको तयार झाली आणि मुलाखतीचा दिवस उगवला. खाजगी शाळेच्या मुख्याध्यापिका बाई खरोखर भल्या होत्या. धाकटीने त्यांना पाच मिनिटांत खिशात घातलं, आजीच्या कवळीची गोष्टसुद्धा सांगून झाली. मग बाईंनी थोरलीला विचारलं, "तुला काय आवडतं, बाळ?"

"मला..." थोरली अडली.

"चित्रं काढायला?" बाई मायेने म्हणाल्या.

थोरलीने मान डोलावली. पोरीने आजवर हौसेने कधी ब्रश हातात धरला नव्हता. पण दोघींना प्रवेश मिळाला होता, त्यामुळे बाप इतका हुरळून गेला होता की त्याने तिकडे काणाडोळा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जुन्या शाळेत दाखला काढायला गेला. कार्यालयाच्या वाटेवरच थोरलीचा वर्ग होता. त्याने खिडकीतून डोकावून पाहिलं. थोरली पुस्तक घेऊन उभी होती आणि एका शब्दावर अडली होती. बापाचेच ओठ हलायला लागले. आता पोरं हसणार, म्हणून त्याने अंग चोरलं.

कोणीच हसलं नाही. एक मुलगी पेन्सिलीला टोक करत होती. एकजण जांभई देत होता. वर्गाच्या बाई फळ्याला टेकून शांतपणे वाट बघत होत्या. शब्द सुटला, वाक्य पुढे गेलं, पुन्हा अडलं, पुन्हा सुटलं. थोरलीने अख्खं पान वाचलं. आपल्या पोरीचा आवाज इतका वेळ सलग त्याने कधी ऐकलाच नव्हता.

घंटा झाली तशी बाई बाहेर आल्या. "दाखल्याचं म्हणत होती तुमची पोर. अर्ज कार्यालयात द्यायचा."

"मध्ये कोणी बोललं नाही," तो म्हणाला.

"पहिल्या आठवड्यात बोलायची पोरं. मग मी सांगितलं, ज्याची पाळी त्यानेच संपवायचं. आता सवय झालीय सगळ्यांना." बाई हसल्या. "आणि वाचते छान हो ती."

रंगारी अर्ज न देताच घरी निघाला. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा हात कधी न मारणारा माणूस तो. गिऱ्हाईक कितीही कावलं तरी भिंतीला तिचा वेळ द्यायचा. पोटच्या पोरीला मात्र त्याने कधी दोन मिनिटं दिली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"आणला दाखला?" चहाचा कप पुढे करत बायकोने विचारलं.

"आधी हिला विचारू दे," तो म्हणाला आणि थोरलीकडे वळला. "तुला कुठल्या शाळेत जायचंय?"

"तिला ना, तलाव..." धाकटीने सुरुवात केली. आईने तिच्या हातात बिस्कीट दिलं.

थोरलीने बापाकडे पाहिलं. मग दाराकडे, त्याच्या चपलांकडे. तिचा शब्द बराच वेळ अडला. बाप गप्प राहिला. त्याला ते फार जड गेलं.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तुम्हाला घाई नाही ना?"

"नाही," तो म्हणाला आणि तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला.

मग तिने सांगितलं. तिला जुन्याच शाळेत राहायचं होतं, आणि का, तेही सांगितलं. सगळं सांगून होईपर्यंत चहा पार गार झाला. घरात मध्ये कोणीही बोललं नाही.