लाट पोचते तोवर

नगरभवनातली सभा पुन्हा एकदा आरडाओरड्यातच संपली. सगळे गेले, आणि मार्लिस एंगेब्रेट एकटीच खुर्च्या दुमडत राहिली. टेबलावरच्या लिंबाच्या वड्यांना कुणी हातही लावला नव्हता. भांडणाऱ्याला भूक लागत नाही की काय, देव जाणे!

वाद वेकबोटींचा होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, टॅमरॅक तळ्यावर, गेले काही उन्हाळे दुसरा विषयच नव्हता. पोटात पाणी भरून जड केलेली ही बोट मागे मुद्दाम मोठी लाट उठवते आणि पोरं फळीवर उभी राहून त्या लाटेवर घसरत जातात. कुणाला त्यात स्वर्ग दिसे, तर कुणाला तळ्याचा नाश. नियम करण्याआधी काठच्या लोकांची मतं घ्यावीत, असं नगरमंडळानं ठरवलं आणि ते काम रहिवासी संघाच्या चिटणीसबाईंच्या, म्हणजे मार्लिसच्या गळ्यात मारलं. जन्म पोस्टात गेलेली बाई, तिला माणसं हाताळता येतात म्हणे!

"तळं काही कुणाच्या बापाचं नाही!" वेकबोटवाला कर्ट ब्रेके आजही ओरडला होता.

"तुझ्याही बापाचं नाही!" मागच्या रांगेतून उत्तर आलं होतं, आणि त्यावर टाळ्या.

घरी आल्यावर नवऱ्यानं, ड्वेननं विचारलं, "काय ठरलं?"

"काय ठरणार? तेच घसे, तीच ओरड. आता बंदीचा मसुदा लिहिते आणि मोकळी होते. मी दमले रे."

"आणि जे आले नाहीत त्यांचं?"

"आले नाहीत म्हणजे त्यांना पडलेली नाही."

दुसऱ्या दिवशी उरलेल्या वड्या घेऊन ती हिल्मा कांगसकडे गेली. हिल्मा लग्न होऊन या काठावर आली ती इथंच म्हातारी झाली. तिची वल्ह्यांची होडी ऐन जुलैत, भर उन्हाळ्यात, गवतावर पालथी पडली होती.

"होडी बाहेर का काढलीत?"

"लाटेनं घरापुढच्या धक्क्याच्या खांबावर आपटून फुटली. आता मासे दुकानातून आणते. चवच नाही मेल्यांना."

"अहो, मग सभेत येऊन सांगायचं ना!"

"आले होते की पहिल्या सभेला. उठले, तर एकजण म्हणाला, 'आजी, मोठ्यानं बोला.' मी घसा खाकरेपर्यंत वेळ संपल्याची घंटा वाजली." हिल्मा शांतपणे म्हणाली, "तूच वाजवलीस."

मार्लिसच्या हातातली वडी हातातच राहिली. तिला आठवतसुद्धा नव्हतं!

"बरं, कर्ट तर तुमचा शेजारी. त्याला तरी सांगायचं."

"तो कधी विचारायला आला नाही. मीही कधी सांगायला गेले नाही. माझा हट्ट काही कमी नाही."

"जाऊ दे. मी बंदीच घालायला सांगते."

"कुणाला विचारून?" म्हातारी आता तापली. "मार्लिस, मतं गोळा करणं म्हणजे टपाल गोळा करणं नव्हे. पेटी उघडली, पिशवीत कोंबलं, झालं काम! अगं, ओरडणाऱ्यांचं ऐकलंस. सोसणाऱ्यांचं कोण ऐकणार? आणि त्या कर्टचं तरी कुठं ऐकलंयस? त्याचा फक्त आवाज ऐकलास."

मार्लिस चिडली, पण चिडून घरी गेली नाही. ती तशीच शेजारी कर्टच्या धक्क्यावर गेली. तो बोटीत इंधन भरत होता.

"झाली का बंदी?" त्यानं वर न बघताच विचारलं.

"नाही अजून. चला, हिल्माबाईंच्या धक्क्यावर येऊन बसा. बोट तुमच्या टॅमीला नेऊ दे, तुम्ही रोज नेता तशीच."

"ही काय शिक्षा?"

"तसं समजा. या वादाची शिक्षा इतके दिवस मी एकटीनं भोगली, आता थोडी तुम्ही घ्या."

कर्ट कुरकुरत येऊन बसला. हिल्मानं कॉफी दिली. त्याची बायको टॅमी बोट घेऊन गेली. मागे लाटेवर त्यांची मुलगी जोसी हात पसरून उभी होती. कर्टनं कौतुकानं हात हलवला.

"बघा, किती लांबून गेली! याचा कसला त्रास?"

बोट वळणाआड गेली. तळं शांत झालं. आणि मग लाट आली! धक्का खालून हादरला. कॉफीचा पेला पाण्यात गेला. हिल्मानं दोन्ही हातांनी खांब धरला, कर्टनं धावत तिला सावरलं. मागोमाग दुसरी लाट, तिसरी. काठाची माती गवतासकट सुटली आणि पाण्यात घसरली. पाणी गढूळ झालं.

"हे... हे रोज होतं?"

"शनिवार-रविवारी जास्त."

"पण आम्हाला कधी दिसलंच नाही!"

"कसं दिसणार?" हिल्मा म्हणाली. "लाट काठाला पोचते तोवर तुम्ही पुढे गेलेले असता."

कर्टनं वाकून पाण्यातलं गवताचं एक ढेकूळ काठावर परत ठेवलं. मग म्हणाला, "आता तुम्ही माझ्या बोटीत चला."

"या वयात? बुडवशील मला!"

पण बोट परतल्यावर ती गेली. मार्लिसही गेली. जोसी लाटेवर डोलत होती, पडत होती, खिदळत पुन्हा चढत होती. कर्ट हलक्या आवाजात म्हणाला, "पोरगी हिवाळाभर खोलीतून बाहेर येत नाही. शाळेत मैत्रीण नाही. हसते ती फक्त इथं. सभेत हे कसं सांगू?"

हिल्मानं मार्लिसचं मनगट दाबलं. "हे तिच्याकडून काढून घेऊ नकोस ग. फक्त माझ्या काठापासून लांब न्यायला सांग."

मार्लिसनं मसुदा बाजूला ठेवला. उरलेला उन्हाळा ती धक्क्याधक्क्यावर, सुट्टीला आलेल्यांच्या तंबूंच्या मैदानावर, काठावर गळ टाकून बसणाऱ्यांपाशी हिंडली. सभेला कधीच न आलेल्यांना किती सांगायचं होतं! रात्रपाळी करणारी परिचारिका म्हणाली, "सभेच्या वेळी मी कामावर असते. मला कुणी विचारलंच नाही."

शेवटी नियम झाला: वेकबोट तळ्याच्या खोल मध्यभागीच, काठापासून पुरेशी लांब, आणि सकाळी अजिबात नाही. सगळे खूश झाले असं नाही. दोघातिघांनी मार्लिसला ओळख दाखवणंही सोडलं. पण कर्टनं मत नियमाच्या बाजूनं दिलं आणि हिल्माचा काठ दगड रचून बांधून दिला. मार्लिसचा थकवा काही गेला नाही. धक्के किती लांब असावेत, यावर नवा वाद उभा राहिलाच होता. या वेळी मात्र तिनं सभा बोलावण्याआधी चालायचे बूट शोधले.

वाचकहो, आपल्या मौजेचा त्रास बहुतेक वेळा आपली पाठ वळल्यावरच दुसऱ्यापर्यंत पोचतो, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. तो बघायचा तर शेजाऱ्याच्या जागी जाऊन बसावं लागतं. ज्याला त्रास होतो त्यानंही मनात कुढत न बसता तोंड उघडायला हवं. आणि लोकांचं मत विचारण्याचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनी सभागृहात न आलेल्यांच्या दारापर्यंत जायला हवं. नियम कागदावर केव्हाही लिहिता येतो. पण तो पाळला जातो, तो आपलंही कुणीतरी ऐकलं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडूनच!