डेलबर्टचं एकुलतं वाक्य

दिवसभर वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांची ऊठबस करून आलेली लोर्ना बूट न काढताच सोफ्यावर टेकली. मुलगी व्हर्नाने डीव्हीडी लावली. नेब्रास्कातल्या त्यांच्या पूर्वीच्या खानावळीत चित्रित झालेला हा विनोदी सिनेमा; थिएटरात मात्र लोर्नाच्या नवऱ्याचं, डेलबर्टचं, एकुलतं वाक्य कापलेलं होतं. तो देवाघरी जाऊन वर्ष झालं. चर्चच्या भजनातला त्याचा खर्ज आता लोर्नाला आठवूनही ऐकू येत नव्हता.

"आई, झोपलीस? सिनेमानंतर जोडलेल्या फसलेल्या दृश्यांत बाबा आहेत बघ!"

पडद्यावर डेलबर्ट कॉफीची किटली घेऊन आला आणि गोंधळून थांबला. "लोर्ने, काय म्हणायचं गं मी?"

"अरे वेंधळ्या, 'अजून कॉफी देऊ का?' म्हण," डोळे मिटूनच लोर्ना पुटपुटली. "किती घोकून घेतलं तुझ्याकडून!"

व्हर्नाने दृश्य पुन्हा लावलं. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं.