सहावं रजिस्टर कोणी जपायचं?

ताईच्या नाकाच्या शेंड्यावर राग, आणि धाकटीही काही कमी नव्हती. दोघी एकाच माळेचे मणी. दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी मिळून एक कंपायलर लिहिला होता, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम लिफ्टमधल्या चिपला कळेल अशा आज्ञांत उतरवून देणारा प्रोग्रॅम.

सगळा खटाटोप वेग वाढवायचा. एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, दुसऱ्याला काम सांगतं तेव्हा सोबत थोडी माहितीही द्यावी लागते. पूर्वी ती मेमरीत ठेवायची आणि दुसऱ्याने तिथून उचलायची. समोर बसलेल्याला पेला द्यायचा, तर आधी तो माळ्यावर ठेवायचा आणि त्याने शिडी लावून उतरवायचा, तसला उद्योग! बहिणींनी ती माहिती चिपच्या आठ रजिस्टरांतून, म्हणजे तिच्या आतल्याच चिमुकल्या कप्प्यांतून, हातोहात द्यायचं ठरवलं. काम सांगणाऱ्याची बाजू ताईने लिहिली, काम करणाऱ्याची धाकटीने.

मग धाकटीला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. निरोप घ्यायच्या वेळी ताईने काय म्हणावं? "जा, जा. तुझ्यावाचून इथं काही अडत नाही!" धाकटी गेली. पाच महिने झाले, तिचा फोन नाही आणि हिचाही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही शाबूत होता. ताई दिवसभर एकटी बसायची. दुसरी खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून तिने तिच्यावर कागद रचले होते.

अशात लिफ्टवाल्यांनी चाचणीत एक चूक पकडली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर, आणि पाटीवर आकडा सात!

खरं सांगायचं तर बाईला आनंदच झाला. आता फोन करणं भागच होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यात कसला आलाय कमीपणा? फक्त अगदीच अडाणी वाटू नये, म्हणून आधी जरा बघून घेऊ म्हणाली.

आणि तासाभरात चूक सापडली की हो! ताईचं फंक्शन मजल्याचा आकडा सहाव्या रजिस्टरमध्ये ठेवून दुसऱ्याला काम सांगायचं, आणि ते दुसरं तिथंच आपलं काहीतरी लिहून परत यायचं. ताईने धरलं होतं, जुना आकडा धाकटी जपेल आणि जाताना जागेवर ठेवेल. धाकटीने धरलं होतं, ज्याला आकडा हवा त्यानेच आधी तो जपावा. कोणी काय जपायचं याचा कागद भिंतीवर होता. बाकी सातांपुढे दोघींपैकी एकीचं नाव होतं. सहाव्यापुढे काहीच नव्हतं.

ताईने आपल्या बाजूला आकडा आधीच जपून ठेवणाऱ्या दोन ओळी घातल्या. चाचणीसाठी टेबलावर ठेवलेल्या पाटीवर तीन आला, आणि दहादा चालवलं तरी तीनच.

"हात्तिच्या!" ती म्हणाली, आणि तिचं तोंड एवढंसं झालं. खरंच काही अडलं नव्हतं. फोन करायला आता काही कारणच उरलं नव्हतं. तिला धाकटीची इतकी आठवण आली की समोरचा आकडाही दिसेना.

मग तिने त्या दोन ओळी खोडून टाकल्या. पाटीवर पुन्हा सात आला. तिने फोन उचलला.

"अगं, मी बोलतेय."

"ताई? सगळं ठीक आहे ना?"

"लिफ्टची पाटी चुकतेय. डोकं फोडून घेतलं, पण चूक काही सापडेना."

धाकटी म्हणाली, "सहावं रजिस्टर बघितलंस?"

ताई चपापली. "तुला कसं कळलं?"

"इथं आल्यावर महिन्याभरातच लक्षात आलं. कळवणारच होते. मग म्हटलं, कळवलं तर तू परस्पर दुरुस्त करशील, मग मला फोन कशाला करशील?" मग तिने सांगूनच टाकलं. "रोज वाट बघायचे गं तुझी."

ताईने बाहीने डोळे पुसले.

"सहाव्याचं काय म्हणालीस?" ती म्हणाली. "मला नाही कळलं नीट. पहिल्यापासून सांग."