कोन सरकला

तेजस्विनीची पीएचडी सहाव्या वर्षात शिरली, तेव्हा तिला त्याविषयी कुणी काही विचारलेलंही नकोसं झालं होतं. मायच्या, कौशल्याबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती नागपूरचं हॉस्टेल सोडून तुमसरला घरीच राहायची आणि जुन्या लॅपटॉपवर गणित करायची.

काचेवरच्या पातळ थरातून प्रकाश वाहून न्यायचा, हा तिचा विषय. तो थरात शिरावा म्हणून वर बारीक समांतर रेघा कोरलेल्या असतात. त्यांना ग्रेटिंग म्हणतात. प्रत्येक रेघेचं गणित मांडलं की लॅपटॉप दिवसभर तापायचा आणि मध्येच बंद पडायचा. शेवटी वैतागून तिनं रेघा सोडूनच दिल्या. किती प्रकाश आत येतो आणि त्याच ग्रेटिंगमधून किती बाहेर गळतो, एवढंच धरून छोटं समीकरण लिहिलं.

मंद प्रकाशाला ते जुळलं. पण नागपूरच्या लॅबमध्ये याच विषयावर प्रयोग करणाऱ्या हेमराजनं लेझरची ताकद वाढवली, तसा आत शिरणारा वाटा घटत गेला. समीकरणात तो तेवढाच राहत होता.

"सोपं करण्याच्या नादात मुद्दाच सांडला तुम्ही," गाइड सर म्हणाले.

मग बरेच दिवस ती फाइल नुसती उघडायची आणि मिटायची.

"तेजू, भात थंडा होऊन राहिला. जेव ना वो," एका दुपारी मायनं हाक मारली.

"हो माय," म्हणत ती बसूनच राहिली. जोरदार प्रकाशानं थराचे गुण किंचित बदलतात. तो बदल नगण्य म्हणून तिनं सोडला होता. पण प्रकाश एका नेमक्या कोनातच आत शिरायचा, आणि तो कोन फार नाजूक होता. एवढ्याशा बदलानंही तो सरकत असणार. तिनं समीकरणात त्यासाठी एक पद वाढवलं. आता ताकद वाढली की समीकरणातही वाटा घटू लागला.

तिनं हेमराजला फोन लावला. "कोन थोडा वाढवून ठेव. आधी उजेड आत जाणार नाही. ताकद वाढवली की जुळणारा कोन तिथं सरकल अन् उजेड एकदम शिरल."

"पुन्हा सारं जमवा लागते. अख्खा दिवस जाते माहा. काहून करू?"

"दोघांचंही अडून राहिलं ना, म्हणून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचाच फोन आला. "उजेड चढला! आधी काहीच नव्हता, मंग एकदम!"

"ताकद कमी करताना?"

"लवकर पडत नाही. टिकून राहते."

तेही समीकरणात होतं.

"खुश नाही झाली का तू?"

"झाली ना. थकली."

फोन ठेवून ती मायशेजारी आडवी झाली. थोड्या वेळानं गाइड सरांचा फोन आला. तिनं तो वाजू दिला.