मोरचुदात बुडालेला थेंब

मी माझ्या मालकांच्या, वेणीमाधवांच्या रक्तातली एक लाल पेशी बोलतेय. जन्म त्यांच्या हाडाच्या मगजातला, वय चार महिने. हसू नका, आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं.

आमचं काम प्राणवायू वाहायचं. हा प्राणवायू दिसायला सज्जन, पण विळीला गंज चढवतो तसा मलाही चढवतो. म्हणून माझ्या पोटात कॅटलेज आणि ग्लुटाथायोन हे पहारेकरी असतात. नावं जिभेला जड, पण कामाला चोख. मालकांच्या साठीनंतर मात्र त्यांचीही दमछाक व्हायला लागली. त्यात मालक अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले, सिगारेटीतून नाही. पांडवलेणीला फिरायला म्हणून निघायचे आणि पायथ्याशीच धूर सोडत बसायचे. एकेका झुरक्याला माझे पहारेकरी धारातीर्थी!

तरी माणूस वाईट नाही. लेकीच्या जन्माच्या वेळी त्यांच्या बायकोला, लतिकाबाईंना कुणा अनोळखी माणसाचं रक्त चढवलं होतं. तेव्हापासून हे दरवर्षी रक्त देतात. गेल्या शिबिरात मात्र हिमोग्लोबिन कमी निघालं आणि यांना चक्क परत पाठवलं. आता आठवड्याने पासष्ट पूर्ण होणार, मग कुणी रक्त घेणार नाही.

महिनाभर बीट, खजूर, आवळ्यांचा मारा झाला. सिगारेटही खरोखर सुटली. मला त्याचा काय उपयोग? मी केव्हाच आक्रसले होते. प्लीहा, म्हणजे आमची भंगाराची वखार, माझी वाट पाहत होती.

इंदिरानगरच्या हॉलमधल्या नव्या शिबिरात सायली नावाच्या मुलीने मालकांच्या बोटाला सुई टोचली. बाहेर आलेल्या थेंबात नेमकी मी!

"काका, हे मोरचुदाचं पाणी. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, तुम्ही पास."

"मोरचूद? भावाच्या बागेत द्राक्षांवर मारतो ते?"

"तेच. आता शांत बसा."

"तरंगला तर तोंड पाडून बसू नका हं," लतिकाबाई म्हणाल्या. मालकांनी डोळेच मिटले.

निळ्या पाण्यात थेंब अडखळला. गंज खाऊन, अंगातलं पाणी गमावून आम्ही म्हाताऱ्या पेशी जड होतो. या वजनाची मला फार लाज वाटायची. आज मी तेच वजन घेऊन खाली मुसंडी मारली.

"बुडाला, काका!"

मालक भर हॉलमध्ये रडले आणि बाही वर करत खाटेकडे धावले.

मी इथे तळाशी विरघळतेय. माझ्या धाकट्या बहिणी पिशवीतून निघाल्या आहेत. ज्याला कुणाला त्या मिळतील, त्याने एवढंच करावं: त्यांना धूर दाखवू नये.